आजीचं ऑइल पोर्ट्रेट करून घेतलं, तुम्हाला करायचं असेल तर हे वाचा

चित्रकाराला फोन लावायच्या आधी घरातली जुनी ट्रंक उघडा. खरंच सांगते, पोर्ट्रेट चांगलं होणार की नुसतं बरं, हे अर्धं तिथेच ठरतं. आपल्याला वाटतं आपलं काम पैसे देण्यापुरतं, बाकी सगळं चित्रकाराचं, पण तो आपल्या माणसाला कधी भेटलेला नसतो, त्याला जे माहीत होणार ते आपण देऊ तेवढंच. आम्ही गेल्या वर्षी आजीचं तैलचित्र कोल्हापूरच्या एका चित्रकारांकडून करून घेतलं, त्यात जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, कारण हे पाच जणांनी विचारलं आणि दर वेळी फोनवर काहीतरी सांगायचं राहूनच जातं.

आमच्याकडे आजीचा नीट असा एकच फोटो होता. १९७४ चा, साताऱ्यात स्टुडिओत काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट, पोस्टकार्डापेक्षा लहान. मी तो मोबाईलवर काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. त्या चित्रकार सरांचा उलटा फोन आला, "ताई, हा चेहरा गुळगुळीत केलाय, अजून काय आहे?" मला कळेचना. मग त्यांनी समजावलं की तेव्हा स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या, डाग घालवायचे, त्यामुळे असा फोटो बघून चित्र काढलं तर त्या पेन्सिलवाल्याने बनवलेली बाई येते, आजी येत नाही. मग ट्रंक उपसली. काकांच्या लग्नातला एक ग्रुप फोटो निघाला, त्यात आजी कडेला, मान वळवून कोणाशी तरी बोलतेय, पासबुकावरचा एक फोटो निघाला, आणि एक अगदी धूसर, अंगणात धान्य पाखडतानाचा. सरांनी लग्नातला फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, हनुवटीवर काय आहे? आत्या शेजारीच बसली होती, ती पटकन म्हणाली, "अगं, आईच्या हनुवटीवर गोंदण होतं की! तीन ठिपके!" स्टुडिओच्या फोटोत ते पुसून टाकलेलं होतं आणि पन्नास वर्षं आम्ही तोच फोटो भिंतीवर लावून बघत होतो.

तर फोटो कितीही खराब असू दे, सगळे द्या. मुख्य फोटो एकच हवा, ज्यात प्रकाश एका बाजूने आलाय आणि नाकाची, गालाची सावली दिसतेय, पण बाकीचे मदतीला लागतात. जुना फोटो मोबाईलने काढू नका, जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे किंवा फोटो स्टुडिओत ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते आणि डोळ्यातलं सगळं बारीक काम जातं. फोटो कोणी कलर करून, एआयने शार्प करून दिला असेल तर तो पाठवूच नका किंवा निदान ओरिजिनलही सोबत द्या, कारण ते ॲप नसलेल्या पापण्या आणि नसलेले दात स्वतःच्या मनाने भरतं आणि चित्रकार बिचारा ते खरं धरून रंगवतो.

माणूस हयात असेल तर मग प्रश्नच नाही, सिटिंग द्या. पूर्ण चित्र समोर बसवून करणारे आता कमी, पण निदान एकदा दीड-दोन तास चित्रकारासमोर बसलं तरी खूप फरक पडतो, तो एक छोटा कलर स्टडी, म्हणजे रंगांचा झटपट नमुना, करून घेतो आणि त्वचेचा खरा रंग त्याच्याकडे राहतो. वयस्कर माणसाला वीस-पंचवीस मिनिटांनी उठू द्या, चहा द्या, अवघडलेला माणूस चित्रातही अवघडलेलाच दिसतो. सिटिंग शक्यच नसेल तर फोटो नीट काढा. सकाळी खिडकीच्या बाजूला बसवा, फ्लॅश बंद, ट्यूबलाइट बंद, आणि तुम्ही सहा-आठ फूट मागे जाऊन मग झूम करा. जवळून काढलेल्या मोबाईलच्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, आपल्याला स्क्रीनवर ते जाणवत नाही पण दोन फुटी कॅनव्हासवर लगेच जाणवतं.

ब्लॅक अँड व्हाइट फोटोत सगळ्यात मोठा घोळ रंगाचा. आजी सावळी होती, पण सावळी म्हणजे किती? आम्ही चौघांनी चार उत्तरं दिली. सरांनी मग विचारलं, घरात तिच्या रंगावर कोण गेलंय? आत्या. तर आत्याला खिडकीपाशी बसवून तिचा चेहरा आणि हात त्यांनी स्वतः बघितला आणि तिथेच छोट्या बोर्डावर तीन-चार रंग लावून जुळवला. लुगडं मात्र ट्रंकेत होतं, इरकल, डाळिंबी काठाचं, तेच घेऊन गेलो होतो, त्यामुळे काठाचा प्रश्न मिटला. कुंकवाचं विचारलं तेव्हा आत्याने सांगितलं की आई आधी मेण लावायची आणि त्यावर कुंकू, म्हणून ते एकदम गोल आणि कडा धारदार. आता जाऊन चित्राजवळ उभं राहिलं तर कुंकवाचा रंग बाकी कपाळापेक्षा किंचित जाड लावलाय, बोट फिरवावंसं वाटतं. हे कुठल्याच फोटोत नव्हतं. म्हणून म्हणते, माणसाला जवळून ओळखणारं कोणीतरी सोबत न्या, आणि या गोष्टी आधीच लिहून काढा: पदर डोक्यावरून की खांद्यावरून, चष्मा कायम की वाचायलाच, नथ की चमकी, पाटल्या कुठल्या हातात, हसताना तोंड उघडायचं की मिटलेलं.

आता चित्रकार कसा शोधायचा. आपल्याकडे या बाबतीत खरंच श्रीमंती आहे, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं, धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर अशी पोर्ट्रेट करणारी मोठी माणसं तिथली, आणि कोल्हापुरात आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेली वेगळीच परंपरा. आजही वासुदेव कामत यांच्यासारखे चित्रकार आहेत, २००६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सगळ्यात मोठा पुरस्कार त्यांना मिळाला तो पत्नीच्या पोर्ट्रेटला. एवढ्या मोठ्या नावाकडे आपण जाऊ शकत नाही हे मान्य, पण या सगळ्यांचे विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे विद्यार्थी गावोगावी आहेत, आर्ट कॉलेजात शिकवतात, घरच्याच स्टुडिओत काम करतात. जवळच्या कॉलेजात जाऊन सरळ विचारा, पोर्ट्रेट चांगलं कोण करतं. तिथले लोक एकमेकांचं काम ओळखून असतात. कुठे पोर्ट्रेटचं डेमो असेल तर नक्की जा, समोर बसलेला माणूस दोन तासात कॅनव्हासवर येताना बघितला की त्या चित्रकाराबद्दल वेगळी खात्री लागत नाही.

आणि त्याआधी एकदा चांगली पोर्ट्रेट प्रत्यक्ष बघून या, मोबाईलवर नाही. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं, आपण नाटकाला जातो आणि समोरून निघून जातो. साताऱ्याकडचे असाल तर औंधचं श्री भवानी म्युझियम, औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं, तिथे राजा रविवर्मा, धुरंधर असे सगळे एका छताखाली आहेत. जवळ जा, मग दहा पावलं मागे या. जवळून नुसते फटकारे दिसतात आणि मागे आलं की डोळा जिवंत होतो, ते एकदा बघितलं की कोणाचं काम कच्चं आहे ते आपोआप कळायला लागतं.

चित्रकाराचं जुनं काम बघताना फोटो आणि चित्र शेजारी ठेवून दाखवा म्हणावं. हात आणि कान बघा, घाईत काम करणारा तिथेच सापडतो. आणि मुद्दाम सावळ्या, वयस्कर माणसाचं पोर्ट्रेट मागा. गोरा तरुण चेहरा गुलाबी-पिवळ्यात निभावून नेता येतो, पण सावळ्या कातडीत सावलीच्या भागात लाल, जांभळा, हिरवट असं बरंच काही असतं, ते ज्याला दिसत नाही तो सरळ काळा किंवा चॉकलेटी मिसळतो आणि चेहरा मातकट होतो.

एक फसवणूक सांगते, आमच्याच घरात झालेली. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही घाईत ऑनलाइन ऑर्डर दिली होती, शंभर टक्के हँडपेंटेड म्हणून. आलं ते कॅनव्हासवरचं प्रिंट आणि त्यावर पारदर्शक जेलचे ब्रश ओढलेले. लांबून छान दिसतं, सासरे खूशही झाले, पण मला आजही ते बघून वाईट वाटतं कारण तो खोटेपणा त्यांच्या वाढदिवसाला होता. ओळखायचं कसं, तर मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन झूम करा, प्रिंट असेल तर बारीक ठिपके दिसतात. तिरक्या उजेडात बघा, ब्रशचे उंचवटे एकीकडे आणि रंगाच्या कडा भलतीकडे जात असतील तर ते जेल. ऑर्डर देतानाच अट घाला की अर्धवट झालेल्या चित्राचे फोटो पाठवायचे, ज्यात चेहरा अजून कच्चा आहे, प्रिंटवाल्याकडे अर्धवट असं काही नसतंच. प्रोजेक्टरने किंवा चौकटी आखून ड्रॉइंग उतरवणं यात मला काही गैर वाटत नाही, भलेभले करतात, पण फोटोचं फिकट प्रिंट काढून त्यावरच रंग चढवणं वेगळं, ते तसं करणार असतील तर तुम्हाला आधी माहीत असलं पाहिजे.

साइजचं सोपं करा. वर्तमानपत्र कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. नुसता चेहरा-खांदे हवे असतील तर १८ बाय २४ किंवा २० बाय २४ इंच पुरतं, हात दाखवायचे असतील तर २४ बाय ३० च्या खाली जाऊ नका, कोंबल्यासारखं होतं. मोठ्या माणसाचं डोक्यापासून हनुवटीपर्यंतचं माप साधारण नऊ इंच असतं, चित्रात ते त्याहून जरा कमीच ठेवावं, खऱ्यापेक्षा मोठा चेहरा घरातल्या खोलीत अंगावर येतो. हात घ्यायचे का यावर आमच्यात बरीच चर्चा झाली कारण हात घेतले की पैसे वाढतात, शेवटी घेतले, आणि मी म्हणेन जमत असेल तर घ्याच, आजीचे हात बघूनच आत्याला पहिल्यांदा भरून आलं, चेहरा बघून नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते. रेट ठरतो तो साइज, माणसं किती, हात आहेत का, बॅकग्राउंड साधी की वाडा-देवघर वगैरे, आणि अर्थात चित्रकाराचं नाव यावर. आम्ही २४ बाय ३० ला, एक व्यक्ती, हातांसकट, साधी बॅकग्राउंड, ३५ हजार दिले, फ्रेम वेगळी. निम्मे आधी, निम्मे पूर्ण झाल्यावर. घासाघीस केली नाही आणि तुम्हीही करू नका असं मला मनापासून वाटतं, बजेट कमी असेल तर साइज कमी करा, हात काढा, पण त्याच कामाचे पैसे कमी करायला लावू नका, कारण मग कमी होतो तो चेहऱ्यावरचा वेळ.

ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये लिहून चित्रकाराला पाठवा आणि त्यांचं ओके घ्या. साइज, कॅनव्हास कॉटन की लिनन, रंग आर्टिस्ट क्वालिटीचे का, कुठल्या कुठल्या टप्प्यावर दाखवणार, बदल किती वेळा करून मिळणार, तारीख, पोचवायचं कोणी. कॉपीराइटबद्दल लोकांना माहीत नसतं, १९५७ च्या आपल्या कायद्यात कलम १७ मध्ये आहे की पैसे देऊन कोणाकडून पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल तर पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. चित्रकाराला ते आपल्या प्रदर्शनात किंवा फेसबुकवर दाखवायचं असेल तर तेही आधी बोलून घ्या, आम्ही आनंदाने हो म्हटलं.

तारखेचं मात्र घाई करून चालत नाही. ऑइल पाण्यासारखं उडून सुकत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, एक थर हाताला सुकायला काही दिवस ते दोन आठवडे, काही लाल आणि काळे रंग त्याहून जास्त घेतात, आणि असे थरावर थर. खालचा थर कच्चा असताना वर चढवलं तर पुढे भेगा पडतात. त्यात पावसाळा. पितृपक्षात हवं असेल तर गुढीपाडव्याच्या सुमारास सांगा, वर्षश्राद्धाला हवं असेल तर तेवढंच आधी, आम्ही गुढीपाडव्याला दिलं आणि भाद्रपदात हातात आलं. महिनाभरात करून देतो म्हणणाऱ्याला विचारा की सुकवणार कधी.

आता सगळ्यात नाजूक भाग, मधल्या टप्प्यात काय बोलायचं. पहिल्यांदा नुसतं ड्रॉइंग दाखवतात, मग एकाच तपकिरी रंगातलं उजेड-सावलीचं, मग रंग. साम्य तपासायचं ते ड्रॉइंगला आणि तपकिरी टप्प्याला, तेव्हा दोन डोळ्यांमधलं अंतर, ओठांची रेघ, जबडा हे सांगा, रंग चढल्यावर डोळा सरकवा म्हणणं म्हणजे घर बांधून झाल्यावर खांब हलवा म्हणण्यासारखं आहे. आणि "काहीतरी वेगळं वाटतंय" असं सांगू नका, त्याने चित्रकाराच्या हाती काहीच लागत नाही. चित्राचा आणि फोटोचा दोन्हीचा फोटो मोबाईलवर उलटा करून शेजारी ठेवा, डोकं खाली पाय वर असं, मग चेहरा ओळखीचा वाटायचं थांबतं आणि नुसते आकार दिसतात, चूक लगेच सापडते. आम्हाला तसंच कळलं की वरचा ओठ जास्त भरलाय. सरांनी दोन मिनिटात तो बारीक केला आणि आजी बोलायला लागली असं वाटलं.

बोलणारा माणूस घरातला एकच ठेवा. ग्रुपवर फोटो टाकला की तेरा मतं येतात. आमच्यात एका काकांचं सारखं, जरा उजळ करायला सांग, सुरकुत्या कमी करायला सांग. मी नाही सांगितलं. आजी उन्हात खपलेली बाई होती, तो रंग तिने कमावलेला होता, आणि जे स्टुडिओवाल्याने १९७४ मध्ये पुसलं तेच परत पैसे देऊन पुसून घ्यायचं हे मला सहन झालं नसतं. काकांशी यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. तुमच्याकडेही हा प्रसंग येणार, तयारीत राहा, आणि चित्रकार स्वतःहूनच गोरं करायला लागला तर त्यालाही थांबवा.

आणायचं कसं, तर ताजं चित्र गुंडाळू नका आणि बबल रॅप रंगाला टेकू देऊ नका, फुग्यांचे ठसे उठतात. आम्ही गाडीत मागच्या सीटवर उभं करून, कोपऱ्यांना पुठ्ठा लावून, वरून चादर टाकून आणलं. कुरिअरने येणार असेल तर प्लायची पेटी हवीच.

घरी लावताना समोरून ऊन येणारी भिंत नको, गॅसच्या बाजूची नको, आणि देवघराच्या वर तर नकोच, निरांजन-उदबत्तीची काजळी वर्षानुवर्षं बसत राहते. बाहेरच्या बाजूची भिंत पावसाळ्यात ओलावते, कोकण-गोव्यात तर जास्तच, तेव्हा फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. काच लावू नका. आणि आपल्या घरातल्या सवयी, हार घालायचा असेल तर फ्रेमच्या वर दोन हुक मारून त्यावर अडकवा, तो कॅनव्हासला टेकता कामा नये, फुलांचं पाणी उतरतं. चंदनाचा, कुंकवाचा टिळा चित्रावर लावू नका, फ्रेमच्या लाकडावर लावा, आमच्याकडे आत्याने ते लगेच मान्य केलं कारण आजीच्या कपाळावर तिचं कुंकू आधीच होतं. दसऱ्याच्या साफसफाईत ओला फडका लावणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस.

वार्निश लगेच होत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि चित्रकारही कधी कधी सांगत नाहीत. रंग आतपर्यंत सुकायला सहा महिने ते वर्ष जातं, मगच शेवटचं वार्निश, तोपर्यंत काही गडद भाग निस्तेज, कोरडे दिसतात, घाबरू नका, ते वार्निशने परत वर येतात. हे काम ठरलेल्या पैशात धरलंय का ते सुरुवातीलाच विचारून घ्या. आमच्या सरांनी कॅनव्हासच्या मागे आजीचं पूर्ण नाव, गाव, स्वतःची सही आणि खाली पेन्सिलने "वार्निश, फाल्गुन" असं लिहून दिलंय, त्याप्रमाणे पुढच्या महिन्यात चित्र घेऊन परत कोल्हापूरला जायचंय, आणि आत्या म्हणतेय मीही येणार.